मागच्या बाकावर

बाबांना वाशिमहून अकोल्याला हलवलं, त्या रात्री मी जपमाळ हातात घेतली आणि तिसऱ्या मण्यावर अडकले. एप्रिल २०२१. 'नमो मरिया' मला झोपेतही म्हणता येतं, पण त्या रात्री शब्द पुढे सरकेनात.

कारण मला माहीत होतं. आई सरकारी दवाखान्यात नर्स. आठवडाभरापूर्वी ड्युटीवरून येऊन, अंगणातच अंघोळ करून ती म्हणाली होती, "बेड दोनच कारणांनी रिकामा होतो गं." आता मी देवाकडे बाबांसाठी ऑक्सिजनचा बेड मागत होते. म्हणजे नेमकं काय मागत होते? बेड मिळाला. तो कसा रिकामा झाला, हे मी काकांना विचारलं नाही.

त्यानंतर मी प्रार्थना सोडली आणि मोबाइल धरला. काका अकोल्यात, आई ड्युटीवर, मी घरात एकटी. पुण्यातल्या कंपनीचं काम जेवणाच्या टेबलावर. रेमडेसिविर कुठे मिळेल, प्लाझ्मा कोण देईल, आज कोण गेलं. ग्रुपवर फोटो आला की खाली हात जोडलेल्यांची रांग लागायची. मीही जोडायचे आणि पुढचा मेसेज बघायचे.

वाशिममध्ये आम्ही कॅथलिक मोजकेच. वसईसारखं घराघरांतून मिस्सेला निघणारं गाव इथे नाही. शाळेत मैत्रिणींनी मिस्सा म्हणजे काय विचारलं की मी सांगायचे, आमची आरती समजा. राज्यातली प्रार्थनास्थळं १६ नोव्हेंबर २०२० ला, दिवाळीच्या पाडव्याला उघडली होती, ती एप्रिलमध्ये पुन्हा बंद झाली. मिस्सा मोबाइलवर आली. फादर ख्रिस्तप्रसाद उंचावायचे आणि नेमकं तेव्हाच वरून नोटिफिकेशन उतरायचं.

सिस्टरांच्या कॉन्व्हेंटमधून तेव्हा पेशंटच्या नातेवाइकांसाठी डबे जायचे. ते भरायला मी सकाळी मदतीला जायचे. एका सकाळी पोळ्या मोजताना काकांचा मेसेज आला : ऑक्सिजन ८४. मी तो तीनदा वाचला आणि पोळ्यांचा हिशेब चुकला. शेजारच्या वयस्कर सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "बसतेस का थोडी आत?" एवढंच म्हणाल्या. फोन डब्यांजवळ ठेवायला लावला.

आत म्हणजे त्यांचं घरातलं चॅपल. चार बाकं, भिंतीवर क्रूस आणि ख्रिस्तप्रसाद ठेवतात त्या छोट्या कपाटाशेजारी लाल काचेतला दिवा. तो कायम तेवत असतो, मिस्सा असो वा नसो, कुणी आलेलं असो वा नसो.

पहिली दहा मिनिटं हात नुसता खिशाकडे जात होता. मग बाहेरची खार ऐकू आली. मग स्वयंपाकघरातली शिट्टी. मग मास्कमधला स्वतःचा श्वास. मी काही मागितलं नाही, काही म्हटलंही नाही. मला आठवली मागच्या वर्षीची २७ मार्चची रात्र. साडेदहाला मी आणि बाबा मोबाइलवर रोम बघत होतो. पावसात सेंट पीटर्सचा चौक रिकामा, पोप फ्रान्सिस एकटे. १५२२ च्या प्लेगमध्ये रोममधून मिरवणुकीनं नेलेला क्रूस तिथे आणून उभा केलेला. त्यांचं भाषण माझ्या लक्षात राहिलं नव्हतं. नंतरची लांब शांतता राहिली होती. मी म्हटलं होतं, "बाबा, नेट गेलं वाटतं." बाबा म्हणाले होते, "नाही गेलं. बस."

मग रोज वीस मिनिटं मी तिथे बसू लागले. बाबांचा आकडा त्यामुळे वाढला नाही. पण तिथे मला कुणाच्या वाट्याचं काही मागावं लागत नव्हतं. बाबांचं नाव मनात आलं की त्यांच्या शेजारच्या बेडवरचा, मी कधी न पाहिलेला माणूसही यायचा, आणि दोघेही तिथे मावायचे. बाहेर येऊन फोन उचलताना हात कमी थरथरायचा. दिलासा म्हणतात तो मला एवढाच मिळाला, आणि तो पुरला.

त्या सिस्टर माझ्या मागच्या बाकावर येऊन बसायच्या. मला वाटायचं, पोरगी कोसळेल म्हणून लक्ष ठेवतायत.

बाबा एकोणीस दिवसांनी घरी आले. बारीक झालेले, पण चालत. मी पेढे घेऊन कॉन्व्हेंटमध्ये गेले, तेव्हा दुसऱ्या एका सिस्टरांनी सांगितलं. मी पहिल्यांदा चॅपलमध्ये बसले, त्याच आठवड्यात त्या सिस्टरांचा धाकटा भाऊ झारखंडमध्ये गेला होता. त्यांना जाता आलं नाही. माती द्यायलाही नाही.

म्हणजे त्या माझ्यासाठी बसत नव्हत्या. निदान फक्त माझ्यासाठी नाही. एकोणीस दिवस आम्ही दोघी एका बाकाच्या अंतरावर होतो आणि मी एकदाही मागे वळून "तुम्ही कशा आहात" असं विचारलं नव्हतं. हातातला पेढ्यांचा बॉक्स मला जड झाला. सिस्टरांनी मात्र पेढा घेतला, अर्धा मोडून मला दिला आणि म्हणाल्या, "बाबांना सांग, आता ऊन चुकवा."

बाबा वाचले म्हणून प्रार्थना फळली, असं मला कुणी म्हणालं की मी गप्प होते. मग सिस्टरांच्या भावाचं काय? त्याच चॅपलमध्ये, त्याच दिव्यासमोर बसलो होतो आम्ही.

आता सुटीत वाशिमला गेले की एक चक्कर तिकडे होते. फोन बाहेर ठेवते. सिस्टर आधीच पुढच्या बाकावर असतात. मी त्यांच्या मागे बसते.