सायलेन्सर बदलताना

पेणच्या बाजारपेठेतून धान्याची आणि पोह्यांची पोती घेऊन निघालेली पिकअप वडखळ, नागोठणे आणि भिसे खिंड ओलांडून रोह्याला पोहोचते. मालाची नोंद वहीत होते. गाडीच्या पोटाखालच्या लोखंडाची नोंद मात्र कोणी ठेवत नाही. खाडीकडची खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस आणि महामार्गावरचे खड्डे या तिघांच्या तावडीत सर्वांत आधी सापडतो तो सायलेन्सर. गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीचा तर तो पुरता तापतही नाही. धुरातले पाणी आतच साचते आणि वरचा रंग शाबूत दिसत असताना पत्रा आतून कुजतो.

पेठेतील एका घाऊक व्यापारी कुटुंबात हेच घडले. काका स्वतः गाडी चालवीत. भर पावसात काचा बंद करून रोह्याहून परतले की त्यांचे डोके जड होई, मळमळे. उपवासाचे पित्त असावे, असे समजून घरातून आवळ्याचे सरबत पुढे येई. एका रविवारी पुतण्या सहज गाडीखाली वाकला, तेव्हा सायलेन्सरच्या जोडाभोवती काजळीचा पट्टा आणि पत्र्याला बोटभर भेग दिसली. धूर केबिनखालीच निसटत होता. पेट्रोलच्या तुलनेत डिझेलच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड कमी असतो. नसतो असे नाही. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. काकांनी ते ऐकले आणि सरबताचा पेला न बोलता बाजूला ठेवला.

नवा सायलेन्सर आणायचे ठरले, पण कोणता, यावर वाद झाला.

“काका, मोकळा पाइप टाकू या. गाडीला ओढ येईल.”

“ओढ पोत्यांची हवी, आवाजाची नको. पहाटे गाडी गल्लीतून निघते, तेव्हा तुझी आजी सामायिकात असते आणि शेजारी तान्हे मूल झोपलेले असते.”

पुतण्याचे म्हणणे अगदीच पोकळ नव्हते. धुराची वाट अडली तर इंजिन दमते, हे खरे. परंतु पोती वाहणाऱ्या टर्बो डिझेल गाडीला सायलेन्सरचे पोट रिकामे करून हाती लागतो तो मुख्यतः गोंगाट. शिवाय कायदा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार वाहनात मनमानी बदल करता येत नाहीत; आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर आवाज व धुराच्या मर्यादा मोडणाऱ्यास १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद आणि परवान्यावर गदा येऊ शकते. एमएच-०६ चे परिवहन कार्यालय पेणमध्येच आहे, आणि आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला तंदुरुस्तीचा दाखला दरवर्षी घ्यावा लागतो. अखेर बाहेरच्या बनावटीचा, पण मूळ मापाचा, आत पूर्ण कप्पे असलेला सायलेन्सर आणला गेला. त्या कप्प्यांत आणि छिद्रांच्या नळ्यांत आवाजाच्या लहरी एकमेकींवर आदळून विरतात. या विद्येचा एक जनक हायरम पर्सी मॅक्सिम; त्याच्या वडिलांनी मशीनगन बनवली होती, हा योगायोग मोठा गमतीचा.

गाडी जुनी, बीएस-४ ची, म्हणूनच हे काम अंगणात करता आले. बीएस-६ गाडीच्या धूरनळीवर काजळीची गाळणी आणि संवेदक असतात. तिथे घरचे हात न लावलेले बरे. इथेही पुढचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जसाच्या तसा ठेवला. आदल्या रात्री गंजलेल्या बोल्टांना गंज सोडवणारे तेल लावले. सकाळी गाडी सपाट फरशीवर उभी करून चाकांना लाकडी ठोकळे लावले, आणि जॅकवर भरवसा न ठेवता खाली लोखंडी घोड्या दिल्या. या एका गोष्टीवर काका अडून बसले होते आणि ते योग्यच होते. जॅक घसरला तर खालच्या माणसाला सरकायला वेळ मिळत नाही.

दोन बोल्ट सुटले, तिसरा तुटला. तो करवतीने कापावा लागला. डिझेलच्या टाकीजवळ वेल्डिंगची ठिणगी नको म्हणून. नवे गॅस्केट बसवले, फाटलेले रबरी हँगर बदलले. सारे जोड आधी सैल ठेवून नळी ब्रेकच्या पाइपापासून, डिझेलच्या नळीपासून आणि स्टेपनीपासून दूर आहे ना ते पाहिले. मग पुढून मागे एकेक क्लॅम्प आवळला. घाईने पहिलाच जोड घट्ट केला असता, तर शेपटाकडची नळी वाकडी लटकली असती.

इंजिन सुरू करून, नळी तापण्याआधीच, जोडांवर साबणाचे पाणी फिरवले. मधल्या जोडावर बुडबुडे आले. इंजिन बंद करून तो क्लॅम्प पुन्हा बसवला, तेव्हा फेस तसाच राहिला. ऊन अजून बाकी होते. सूर्यास्ताआधी ताटे वाढायची म्हणून आतून दोनदा हाक आली.

दुसऱ्या दिवशी रोह्यात पोती उतरत असताना, नळी निवल्यावर, पुतण्या पाना घेऊन पुन्हा गाडीखाली गेला. लोखंड एकदा तापून थंड झाले की क्लॅम्प किंचित ढिले पडतात. दोन बोल्ट पाव आटा फिरले. काका केबिनमध्ये हिशेबाची वही लिहीत बसले होते, काचा बंद करून.