घरचे भेदरे

गडचिरोलीतल्या आमच्या घरामागे गुंठाभर मोकळी जागा आहे. धान निसवू लागला की तिथे टमाटरची रोपे लावायची, हा आम्हा दोघांचा आठ-नऊ वर्षांचा नेम. 'टमाटर' हा आमचा शब्द. बाबूजींच्या तोंडी ते भेदरेच. बाबूजी म्हणजे आमच्यापैकी एकाचे वडील आणि दुसरीचे सासरे. आरमोरीकडच्या बांध्यांत त्यांचे आयुष्य गेले. अलीकडे ते आमच्याकडे असतात. शेणखत, राख आणि विहिरीचे पाणी यांखेरीज त्या वाफ्यात काही पडत नाही, हे आम्ही येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत असू. मराठी शिकवणाऱ्या माणसांना फुशारकी मारायला विषय तसे कमीच मिळतात.

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात पीक असे लोटले की स्टाफरूममध्ये पिशव्या वाटूनही संपेना. बाबूजी सकाळी निखाऱ्यावर भाजलेल्या भेदऱ्यांची लसूण-मिरचीची चटणी खात, दुपारी भाजी, संध्याकाळी वाटी-दोन वाटी सार. दिवसाकाठी अर्धा किलो सहज होई. आम्ही खबरदारी घेत होतो ती एकच. बिया काढून टाकत होतो. टमाटरच्या बियांनी मुतखडा होतो, हे लहानपणापासून ऐकलेले.

संक्रांत उलटली आणि बाबूजी ओट्यावर चढताना भिंत धरू लागले. मांड्यांत जीव नाही म्हणत. वय झाले, असे आम्ही समजलो. ते मात्र एका संध्याकाळी हळूच म्हणाले, "लाखोळी लागली का गा मले?"

लाखोळीची ही धास्ती झाडीपट्टीबाहेरच्या वाचकाला कदाचित कळणार नाही. धान उभा असतानाच बांधीतल्या ओलीवर तिचे बी फेकायचे. ना नांगरट, ना पाणी, आणि फाल्गुनापर्यंत घरात डाळ. गरिबाघरची ती हक्काची डाळ. पण तिच्यात ओडॅप नावाचे द्रव्य असते. दुसरे काही न खाता महिनोन्महिने तीच खाल्ली, तर पाय कायमचे आखडतात. विल्यम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने १८४४ साली छापलेल्या पुस्तकात सागर भागातल्या अशा लंगड्या झालेल्या माणसांचे वर्णन आहे. गहू बुडाला, ही डाळ तेवढी तगली, आणि लोकांनी तिच्यावरच दिवस काढले. १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली; महाराष्ट्राने ती २००८ मध्ये उठवली. मधल्या काळातही आमच्याकडच्या बांध्यांत लाखोळी पिकतच होती, आणि भाताबरोबर, भाजीबरोबर, बेताने खाणारी माणसे धडधाकट चालत होती. बाबूजी त्यांतलेच एक. म्हणून त्यांच्या प्रश्नाला आम्ही हसलो. हसायला नको होते.

रक्त तपासले तेव्हा पोटॅशियम ६.४ निघाले. ते साडेतीन ते पाचच्या दरम्यान असावे. डॉक्टरांनी आधी हृदयाचा आलेख काढला, मग बाबूजींना दवाखान्यात ठेवून घेतले. वाढलेले पोटॅशियम स्नायूंना दुबळे करते, आणि हृदय हाही स्नायूच; त्याचे ठोके चुकू शकतात, थांबूही शकतात. "जेवणात काय असते?" या प्रश्नावर आम्ही जवळजवळ अभिमानानेच सांगितले, घरचे टमाटर, बिनफवारणीचे. डॉक्टर क्षणभर आमच्याकडे पाहत राहिले.

एकट्या टमाटरला दोष देऊ नका, असेही त्यांनीच सांगितले. बाबूजींची मूत्रपिंडे काही वर्षांपासून मंदावलेली होती. रक्तदाबासाठी चालू असलेली गोळी ज्या जातीची होती, त्या जातीच्या गोळ्या पोटॅशियम अंगात राखून ठेवतात. शंभर ग्रॅम टमाटरमध्ये सुमारे २४० मिलिग्रॅम पोटॅशियम, म्हणजे अर्ध्या किलोत बाराशे. शिवाय डाळ, बटाटा, केळी आहेतच. निरोगी मूत्रपिंडे हे सगळे सहज बाहेर टाकतात. ज्यांची थकली आहेत, त्यांतल्या अनेकांना दिवसाला दोन-अडीच ग्रॅमच्या आसपास थांबावे लागते. गंमत अशी, की मुतखड्याच्या ज्या ऑक्झलेटला आम्ही भीत होतो, ते टमाटरमध्ये पालकाच्या मानाने नगण्यच असते. आम्ही बिया फेकत होतो, आणि रस वाटीत ओतत होतो.

शुद्ध आणि निरुपद्रवी हे दोन शब्द आम्ही समानार्थी धरले होते. वर्गात एखाद्या विद्यार्थ्याने असे केले असते, तर लाल शाईने खूण केली असती. फवारणी न केल्याने टमाटरमधले पोटॅशियम काही कमी होत नाही. मुळात ते विष नाहीच. तरुण माणसाच्या रक्तदाबाला ते हितकारकच.

तीन दिवसांनी बाबूजी घरी आले. आहाराच्या कागदावर लिहिले होते : भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकळाव्यात, पाणी फेकून द्यावे, सार, रस, सूप टाळावे. सारात पाणी फेकले जात नाही, उलट आटते. आम्ही कागद वाचून दाखवला तेव्हा बाबूजी म्हणाले, "लाखोळीचं असंच करत होती आमची माय. रातभर भिजवाची, शिजवाची, पाणी फेकाची." ओडॅपही पाण्यात विरघळते, हे आम्हाला नंतर वाचून समजले. त्यांच्या माईला ते नाव ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

"मग भेदऱ्याचं कोणी काऊन नाही सांगतलं?" त्यांनी विचारले. आमच्याजवळ उत्तर नव्हते. माईच्या काळी मूत्रपिंडे मंदावलेला माणूस या गोळ्यांवर ऐंशीपर्यंत जगत नव्हता, हे त्यांना कसे सांगायचे?

यंदा चारच रोपे लावली. बाबूजींच्या ताटात एका भेदऱ्याच्या दोन फाका असतात, तेही डॉक्टरांना विचारून आणि दर काही आठवड्यांनी रक्त तपासून. परवा शेजारच्या घरी टोपली पाठवायची होती. बाबूजींनी ती दारातच अडवली. "त्याईले बीपीची गोळी चालू हाय का, ते विचार पहिले," म्हणाले. आम्ही विचारून आलो. शेजारच्या आजींना होती. टोपली अर्धी करून दिली, आणि गोळीचे नाव लिहून आणले.