शेपटीला धरलेली धामण

सांगलीच्या घरी बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्राचं एक कात्रण फ्रेम करून लावलंय. त्यात मी आहे, विशीतला. उजवा हात डोक्याच्या वर ताणलेला, आणि त्या हातात शेपटीला धरून उलटी लोंबणारी सहा-सात फुटी धामण. तेव्हा मी सर्पमित्र होतो. कुणाच्या न्हाणीत, कुणाच्या कडब्याच्या गंजीत साप निघाला की बोलावणं यायचं. साप पकडायचा, जमलेल्या लोकांना दहा मिनिटं भाषण द्यायचं आणि ओढ्याकाठी सोडून यायचं. धामण म्हशीच्या पायांना विळखा घालून दूध पिते ही समजूत कशी खोटी, हे मी तावातावाने सांगायचो. सांगताना धामण माझ्या हातात टांगलेलीच असायची. साप म्हणजे जिवंत दोरी, आणि दोरीला कुठूनही धरलं तरी काय होतंय, अशी माझी स्वतःची समजूत होती. ती खोडून काढायला मात्र कुणी भाषण दिलं नाही.

पुढे नोकरीने टेक्सासला आणलं. लेक तेरा वर्षांची झाली आणि तिने वाढदिवसाला साप मागितला. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्यामुळे देशी साप घरात पाळता येत नाहीत. इथे दुकानात बॉल पायथन मिळतो. हा अजगर मूळचा आफ्रिकेतला, पण दुकानातला बहुधा माणसाच्या देखरेखीत जन्मलेला. घाबरला की डोकं मधे लपवून चेंडूसारखी गुंडाळी करतो. आमच्याकडे त्याचं नाव लाडू पडलं.

एका संध्याकाळी पाहुणे आले होते. जुना हात दाखवावा म्हणून मी लाडूला पेटीतून उचललं. तो मनगटाभोवती वळला आणि त्याच्या अंगातून आवाज आला : कट्. मग लगेच आणखी एक. कानापेक्षा तळहातालाच तो जास्त जाणवला. "बाबा, काही मोडलं का?" लेकीने विचारलं. मी हसण्यावारी नेलं, पण रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. शेकडो साप हाताळले होते. त्यांच्या अंगातून आवाज येतो का, हे ऐकायला मी कधी थांबलोच नव्हतो. माझ्याच भाषणाचा आवाज मोठा असायचा.

दुसऱ्या दिवशी सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी आधी आवाज श्वासाचा तर नाही ना, हे पाहिलं. छातीत संसर्ग झाला किंवा नाकपुडीत कातीचा तुकडा अडकला की सापाचा श्वासही टिकटिकतो. तसं काही नव्हतं. मग पाठीवरून बोट फिरवलं, कुठे गाठ, बाक, ताठरपणा आहे का ते चाचपलं, एक्स-रे काढला. सगळं ठीक. आपण बोटं मोडतो तेव्हा होतं, बहुधा तसंच हे असावं, असं त्या म्हणाल्या. सांधा ताणला की त्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होते आणि आवाज येतो. माणसाच्या बोटांबाबत कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या संशोधकांनी 2015 मध्ये एमआरआयखाली ते टिपलंही आहे. मला आजी आठवली. माझ्या गालांवरून हात फिरवून ती स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडायची, आणि जितकी जास्त मोडतील तितकी दृष्ट मोठी. म्हणजे लाडूने माझीच दृष्ट काढली म्हणायची! मी साप साप म्हणून भुई धोपटत होतो.

तिथेच उठलो असतो तर हे लिहावं लागलं नसतं. बाईंनी सहज विचारलं, "तुम्ही त्याला उचलता कसं?" टेबलावर टॉवेल होता. मी त्याचं टोक धरून तो वर उचलून दाखवला. बाई काही बोलल्या नाहीत. एक्स-रे पुन्हा उजेडासमोर धरला आणि मला जवळ बोलावलं.

माणसाला 33 मणके. सापाला जातीप्रमाणे 200 ते 400, कधी त्याहून जास्त. आणि शेपटी सोडली तर जवळजवळ प्रत्येक मणक्याला बरगड्यांची एक जोडी. प्रत्येक मणक्याच्या मागे गोळा, पुढे वाटी. मागच्याची वाटी पुढच्याच्या गोळ्यावर बसते. शिवाय सुतार खाचेत खुंटी बसवतो तशी वरच्या अंगाला एक जास्तीची बैठक, पाठ पिळली जाऊ नये म्हणून. एका सांध्यात वळण थोडंच. शेकडो सांध्यांची बेरीज म्हणजे आपल्याला दिसतो तो डौल. तो एक्स-रे समोर धरल्यावर दोरी म्हणायला जीभ रेटेना.

तरी मी वाद घातला. साप फांदीवरून स्वतः लोंबतो, त्याचं काय? बाई म्हणाल्या, तो स्नायू आवळून, आपला भार आपण घेऊन लोंबतो. तुम्ही टांगता तेव्हा तो सुटायला धडपडत, अंग पिळत असतो आणि सगळं वजन शेपटीजवळच्या थोड्या सांध्यांवर येतं. विषारी साप हुकावर पुढचा भार घेऊन, शेपटी नुसती आवरून धरतात, ती गोष्ट वेगळी. धामणीसाठी माझ्याकडे दोन रिकामे हात होते. दुसऱ्या हाताने मी लोकांना गप्प बसायची खूण करायचो.

परतताना गाडीत मला एक शाळा आठवली. त्या दिवशी भाषण लांबलं होतं. धामण खूप वेळ वळवळली, मग शांत झाली. मी मुलांना म्हणालो, बघा, माणसाळली. ओढ्याला सोडली तेव्हा तिचा मागचा भाग नीट चालत नव्हता, ओढल्यासारखा मागून येत होता. सोबतच्या पोराने विचारलं तेव्हा मी म्हणालो, घाबरलीय. ती गवतात गेली. पुढे तिचं काय झालं, मी पाहिलं नाही.

आता लाडूला आम्ही दोन्ही हातांनी पोटाखालून उचलतो आणि जायचं तिकडे जाऊ देतो. उंदीर खाल्ल्यावर दोन दिवस कुणी हात लावत नाही. अधूनमधून कट् होतं. लेक म्हणते, "बाबा, दृष्ट निघाली."

गेल्या महिन्यात फोनवर आईला ते कात्रण काढून टाकायला सांगितलं. कारणही सांगितलं, सगळं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "राहू दे रे. त्यात तू किती बारीक दिसतोस."