आपले किती?

रणजीचा सामना सुरू झाला की अकोल्यातला माणूस आधी धावा विचारत नाही. नाणेफेक कोणी जिंकली, खेळपट्टी कशी आहे, सगळं नंतर. आधी अकरा नावांची यादी उघडायची आणि वरून खाली बोट फिरवत यायचं. आपले किती? एक असला तर सकाळ बरी जाते. दोन असले तर टपरीवर चहाचे पैसे आपण देतो. एकही नसला तरी विदर्भ आपलाच, पण त्या दिवशी मोबाइल खिशातून जरा उशिरा निघतो.

नागपूरकराला ही सवय कळायची नाही. त्याच्या दाराशी जामठ्याचं मैदान आहे. वाटलं की गाडी काढायची आणि जाऊन बसायचं. आमच्यापासून जामठा अडीचशे किलोमीटर. १९३४-३५ मध्ये पहिला रणजी हंगाम झाला तेव्हा इकडच्या संघाचं नाव ‘मध्य प्रांत आणि वऱ्हाड’ असं होतं. म्हणजे निदान पाटीवर तरी आम्ही होतो. पुढे १९५७-५८ पासून विदर्भ म्हणून संघ खेळू लागला आणि वऱ्हाड पाटीवरून उतरून यादीत शोधायची गोष्ट झाली. अमरावतीकर यातही टोमणा मारायला चुकत नाहीत. त्यांच्याकडे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्यांचं पथक तिथे जाऊन आपले देशी खेळ दाखवून आलं. अकोल्याने काय केलं, असं ते विचारतात. आम्ही पोरं घडवली, म्हणतो आम्ही. घडवली आमच्या प्रशिक्षकांनी आणि त्या पोरांच्या आईबापांनी, पण श्रेय घ्यायला सगळा गाव पुढे असतो.

ती पोरं कशी घडतात ते पाहायचं असेल तर मे महिन्यात सकाळी सहाला मैदानावर जावं. आठनंतर अकोल्याचं ऊन माणसाला उभं राहू देत नाही, म्हणून सगळा कारभार त्या आधीचा. पाठीवर पोरापेक्षा मोठी किटबॅग. स्कूटीवरून सोडायला आलेली आई पाण्याची कॅन जाळीला टेकवून ठेवते आणि निघता निघता दोनदा मागे वळून पाहते. जाळीत एकेकाचा नंबर लागतो. चेंडूचा लाल रंग पार उडालेला, शिवण एका बाजूने उसवलेली, तरी गोलंदाज तो मांडीवर घासतोच. चमक यायची नसते, पण टीव्हीवर तसं घासतात ना! बारा वर्षांचा एक डावखुरा पोरगा पुढे पाय टाकून चेंडू अडवतो आणि तसाच थांबतो, बॅट तिरपी, कोपर वर, कुणीतरी फोटो काढतंय अशा थाटात. बाजूला उभा प्रशिक्षक ओरडतो, “अबे, पळ ना! फोटो मंग काढजो.”

यातल्याच काहींना पुढे निवड चाचणीचं बोलावणं येतं. मग महाराष्ट्र एक्स्प्रेस नाही तर एसटी, बडनेरा, वर्धा, नागपूर. बहुतेक जण परत येतात. कोणी दुकानावर बसतो, कोणी पोलिस भरतीच्या मागे लागतो, आणि रविवारी टेनिस बॉलवर असे काही फटके मारतो की बघणाऱ्याच्या पोटात तुटावं. जे परत येत नाहीत त्यांची नावं आम्हाला पाठ आहेत.

आदित्य ठाकरे हे त्यातलं एक. विदर्भ २०१७-१८ मध्ये पहिल्यांदा रणजीच्या अंतिम सामन्यात गेला. त्याआधी उपांत्य सामन्यात कोलकात्यात कर्नाटकाला अवघ्या ५ धावांनी हरवलं होतं. त्या सकाळी आमच्याकडे कितीजण ऑफिसात उशिरा पोचले याची गणती नाही. इंदूरच्या अंतिम सामन्यात दिल्लीसमोर अकोल्याच्या या पोराला थेट पदार्पणाला उतरवलं. रजनीश गुरबानीची हॅट्‌ट्रिक, अक्षय वाडकरचं शतक, १ जानेवारी २०१८ ला वासिम जाफरचे विजयी चौकार, हे सगळ्या देशाने पाहिलं. आम्ही मात्र आदित्यची षटकं मोजत होतो. त्यानंतर काही दिवसांतच तो १९ वर्षांखालच्या विश्वचषकासाठी बदली खेळाडू म्हणून न्यूझीलंडला गेला. त्याच हंगामात आमच्याच अथर्व तायडेने कूचबिहार करंडकाच्या अंतिम सामन्यात मध्य प्रदेशाविरुद्ध ३२० धावा केल्या होत्या. तीनशे वीस! शाळकरी वयात माणूस इतका वेळ एका जागी उभा राहू शकतो, हेच आमच्या घरात कुणाला पटेना.

पुढच्या वर्षी विदर्भाने सौराष्ट्राला हरवून करंडक राखला. आदित्य सरवटेने त्या सामन्यात ११ बळी घेतले आणि त्यातून पुजाराही सुटला नाही. लगेच इराणी करंडक. तो सामना चालू असतानाच पुलवामाची बातमी आली. गेलेल्या जवानांत दोघे बुलढाणा जिल्ह्यातले, मलकापूर आणि लोणारचे. मलकापूर तर आमच्याच रेल्वेमार्गावरचं. विदर्भ जिंकला आणि कप्तान फैज फजलने बक्षिसाची रक्कम शहिदांच्या कुटुंबांना जाहीर केली. त्या संघावर माझा लोभ जडला तो खरा तिथून. बॅटबॉलचं कौतुक आधीही होतंच.

दर्शन नळकांडे जन्माने वर्ध्याचा, पण खेळ वाढला अकोला क्रिकेट क्लबात. तेव्हा तो कुणाचा हा वाद आमच्यापुरता मिटलेला आहे. २०२१ च्या मुश्ताक अली करंडकात, उपांत्य सामन्यात, कर्नाटकाविरुद्ध शेवटच्या षटकात त्याने चार चेंडूंत चार बळी घेतले. चार चेंडू, चार बळी. आणि सामना आम्ही हरलो, तोही ४ धावांनी. दैवाने इतका नेमका हिशेब जुळवायची काही गरज नव्हती. टी-ट्वेन्टी विदर्भाला अजूनही मानवलेलं नाही, हे मी पक्षपात बाजूला ठेवून सांगतो. आमची पोरं दिवसभर उन्हात उभी राहण्यात हुशार. वीस षटकांची घाई त्यांना सोसत नाही.

आता २०२५ च्या रणजी अंतिम सामन्याबद्दल. २६ फेब्रुवारी, महाशिवरात्र. राजराजेश्वराच्या मंदिराबाहेर पहाटेपासून रांग. रांगेत फोन काढू नये, पण मी एकटाच काढत नव्हतो. यादी उघडली. तायडे नाही. उपांत्य सामन्यात मुंबईविरुद्ध खेळलेला सलामीवीर अंतिम सामन्यात बाहेर! बोट खाली आणलं, नळकांडे आहे. म्हणजे एक गेला, एक राहिला. पुढे बघतो तर डावाच्या दुसऱ्याच चेंडूवर सलामीवीर पार्थ रेखडे बाद आणि तिसऱ्या क्रमांकावर पाठवला कोणाला, तर गोलंदाज नळकांडेला. तो काही तिथे रमला नाही. ३ बाद २४. मागच्या काकू म्हणाल्या, “भाऊ, पुढे सरका ना, देव तिकडं हाये.”

देवाने ऐकलं म्हणायचं की दानिश मालेवारने, ते ज्याचं त्याने ठरवावं. दानिशने १५३ काढल्या, करुण नायरबरोबर २१५ धावांची भागी केली. मग केरळची पाळी. त्यांच्याकडून एक डावखुरा जीव तोडून खेळत होता, ७९ धावा केल्या. आदित्य सरवटे. होय, तोच. हंगामापुरता केरळकडे गेलेला आमचा ११ बळींवाला. तो बाद व्हावा असं वाटत होतं आणि झाल्यावर टाळी वाजली नाही. केरळचा कप्तान सचिन बेबी ९८ वर गेला आणि विदर्भाला पहिल्या डावात ३७ धावांची आघाडी मिळाली. नळकांडेचे त्यात तीन बळी. चौथ्या आणि पाचव्या दिवशी विदर्भ नुसता खेळत राहिला. करुणचं १३५ चं शतक झालं, शेपूट वळवळत राहिलं, आणि नळकांडेचं अर्धशतक झालं तेव्हा कप्तानांनी हात मिळवले. अनिर्णित सामन्यात करंडक. बाहेरच्यांनी याला कंटाळवाणं म्हटलं. पाच दिवस टिकून राहून घेतलेल्या ३७ धावांची किंमत कोरडवाहू मुलखात सांगावी लागत नाही.

संध्याकाळी टपरीवर मात्र आनंदापेक्षा भांडण जास्त होतं.

“जिंकलो ना बाप्पा, आता कायले तोंड पाडून बसला?”

“अथर्वले काहून बसवलं पन?”

“मले इचारतं? मी काय निवड समितीत हावो?”

त्याचं उत्तर मिळायला सात महिने लागले. ऑक्टोबरात जामठ्याला इराणी करंडक, समोर शेष भारत, आणि अथर्वच्या पहिल्या डावात १४३. विदर्भ ९३ धावांनी जिंकला, सामनावीर तोच. पुढे जानेवारी २०२६ मध्ये बंगळुरूला विजय हजारे करंडकाचा अंतिम सामना, समोर पुन्हा सौराष्ट्र. अथर्वच्या १२८ आणि विदर्भाचा या स्पर्धेतला पहिला करंडक. आदल्याच वर्षी याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात कर्नाटकाने आम्हाला हरवलं होतं.

मधल्या काळात करुण नायर कर्नाटकात परतला, अमरावतीचा जितेश शर्मा बडोद्याला गेला. जितेश आता आमचा नाही, असं अमरावतीत कुणासमोर म्हणून बघा! आयपीएलमध्ये बंगळूरचा पहिला करंडक आला त्यात तो होता, म्हणून तिकडच्या कितीकांनी आपली जुनी टीम सोडून दिलेली आहे. अकोल्याने बडोद्याचा धावफलक बघावा का, यावर आमच्यात दोन तट आहेत. मी बघतो. कुणाला सांगत नाही.

आणि टपरीवरचा वाद अजून मिटलेला नाही. आता एक म्हणतो, बसवलं म्हणूनच अथर्व पेटला, समितीचे उपकार माना. दुसरा म्हणतो, तू गप चहा पी. तिसरा यादी उघडून बोट फिरवत असतो.

“किती?”

“थांब लेका, खाली उतरू तं दे.”