कोऱ्या डिस्कांचा ताळा

महाड आणि पोलादपूर तालुक्यांतील पतसंस्था, वकिलांच्या कचेऱ्या आणि औद्योगिक वसाहतीतील लहान कारखाने यांची दप्तरे संगणकात सुरक्षित राहतील अशी तजवीज करणे हा माझा व्यवसाय. आणि त्यात गिऱ्हाइकास सर्वांत अनाकलनीय वाटणारी बाब कोणती, तर ज्यांवर अद्याप एकही नोंद झालेली नाही अशा डिस्क एकत्र जोडल्यावर यंत्र तासन् तास घुरघुरत बसते, ही. ‘‘अहो, यात काही भरलेलंच नाही, मग हे कसला हिशेब करतंय?’’ असे एका वयोवृद्ध चिटणिसांनी विचारले, तेव्हा आरंभीची शिल्लकच चुकीची धरली तर पुढे वर्षभर जमाखर्च कितीही चोख लिहिला तरी ताळेबंद जुळत नाही, एवढेच मी म्हणालो. त्यांना ते तत्काळ पटले.

कोरी दिसणारी डिस्क आतून शून्यांनीच भरलेली असेल, याची शाश्वती नसते. पाच डिस्कांच्या ‘रेड पाच’ रचनेत प्रत्येक ओळीतील चार भाग मजकुराचे आणि पाचवा पॅरिटीचा, म्हणजे त्या चारांमधील बिटांच्या सम-विषमतेचा असतो. आता लहानशी नोंद बदलायची झाल्यास लिनक्स सगळी ओळ सहसा वाचत नाही. जुना मजकूर आणि जुनी पॅरिटी वाचून केवळ फरक पॅरिटीत मिळवतो. सबब मूळ पॅरिटी खोटी असेल तर तो खोटेपणा प्रत्येक नोंदीबरोबर इमानाने पुढे चालत राहतो, आणि दैनंदिन वाचनात पॅरिटीला कोणी विचारीत नसल्यामुळे, एखादी डिस्क निकामी होऊन तिचा मजकूर उरलेल्या चारांवरून काढण्याची वेळ येईपर्यंत तो कोणाच्याही लक्षात येत नाही.

‘सर्व ठीक आहे असे समज’ अशी आज्ञा देऊन आरंभीच पॅरिटी खरी करून घेण्याचा हा सोपस्कार टाळता येतो. दोन डिस्कांच्या आरशात त्याने फारसे बिघडत नाही, कारण लिहिलेले दोन्हीकडे जाते आणि न लिहिलेले कोणी मागत नाही. रेड पाचमध्ये मात्र, डिस्क आधी शून्यांनी पुसून घेतल्या नसतील तर, मी ती आज्ञा निषिद्ध मानतो.

नवशिके आणखी एका गोष्टीने दचकतात: रचना उभी होताच पडद्यावर चार ‘यू’ आणि पाचव्या जागी आडवी रेघ दिसते, जणू एक डिस्क गळालीच. वस्तुतः अशी रचना उभारणारी लिनक्सची एमडीएडीएम ही आज्ञावली शेवटच्या डिस्कला मुद्दाम अनुपस्थित धरून तिची पुनर्बांधणी करते, कारण चार डिस्क सलग वाचणे आणि एक सलग लिहिणे हे जागोजागी वाचून, तपासून, दुरुस्त करण्यापेक्षा जलद होते. चार टेराबाइटच्या डिस्कला सेकंदास दीडशे मेगाबाइट वेगाने सुमारे साडेसात तास पुरतात. परंतु त्याच वेळी कचेरीचे काम चालू ठेवल्यास सिंक, म्हणजे ही पुनर्बांधणी, मागे सरते, आणि मूळ नियमाप्रमाणे सेकंदास हजार किलोबाइट या किमान वेगावर उतरली तर तिला दीड महिना लागेल. आमच्याकडे पावसाळ्यात घाटातल्या तारांवर झाडे पडतात, म्हणून यूपीएसने वेळीच यंत्र रीतसर बंद करणे महत्त्वाचे. मग वीज आल्यावर काम थांबल्या जागेवरून पुढे चालते.

२०२१ च्या जुलैमध्ये सावित्रीचे पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरले. एका कपाटातील पाचही डिस्क अशा पाण्यात एकदमच बुडतात, तेथे पॅरिटीचा इलाज नाही. त्यामुळे दुसरी प्रत दुसऱ्या गावी ठेवण्याचा माझा आग्रह असतो. सिंक मी शनिवारी कचेरी सुटल्यावर लावतो, आणि आडवी रेघ जाऊन पाचवा ‘यू’ उमटेपर्यंत, दप्तर अजून ज्यावर आहे ते जुने यंत्र कोणाला हलवू देत नाही.