विकण्यापूर्वी घराची परीक्षा

सांगलीच्या जुन्या गावभागातील ते दुमजली घर १९७४ साली बांधलेले. खाली पेढी व कोठार, वर कुटुंबाची वस्ती. वडिलांच्या पश्चात ते तीन भावंडांच्या नावे झाले: थोरले अण्णा, बार्शीला दिलेल्या आक्का आणि पुण्यात स्थायिक झालेले धाकटे बंधू. हळदीचा व्यापार मार्केट यार्डात हलला, मुले परगावी गेली आणि घर विकण्याचे ठरले. सोलापूरकडील एक डॉक्टर दांपत्य ते घेण्यास तयार होते. खाली दवाखाना करावा आणि वर आणखी एक मजला चढवावा, असा त्यांचा बेत होता. किंमतही मनाजोगी होती.

इसार घेण्यापूर्वी एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून घर तपासून घ्यावे, असे अण्णांच्या मनात आले. धाकट्या बंधूंना ते मुळीच पटले नाही.

“अण्णा, विकणारा कधी स्वतःच्या खर्चाने घरातले दोष शोधतो का? घेणाऱ्याने त्याचे पाहावे. शिवाय ते कर्ज काढणार आहेत. बँक तपासेलच की!”

त्यांचे म्हणणे केवळ लोभाचे नव्हते. मुलीच्या परदेशी शिक्षणासाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते त्यांना आपल्या हिश्श्यातून फेडावयाचे होते. एकदा दोष कागदावर आला की भाव उतरणार, हे ते जाणून होते.

बँक तपासेल, हा समज मात्र अर्धाच खरा आहे. बँकेच्या यादीवरील वकील मालकीहक्काचा शोध घेतो, साधारणतः मागील ३० वर्षांचा. मूल्यनिर्धारक जागेची मोजमापे, मंजूर नकाशा आणि आसपासचे दर पाहून किंमत ठरवतो. कर्ज बुडाल्यास वसुली होईल की नाही, एवढीच बँकेची चिंता असते. भिंतीच्या पोटात काय आहे, हे पाहण्यासाठी तो मूल्यनिर्धारक येत नाही.

अण्णांनी आपल्या वकिलांचा सल्ला घेतला. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५५ त्यांनी समजावून सांगितले. विरुद्ध करार नसल्यास, विक्रेत्याला ठाऊक असलेला पण खरेदीदाराला साधारण काळजी घेऊनही न सापडणारा महत्त्वाचा दोष उघड करणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. तो दडवणे कायद्याच्या दृष्टीने कपट ठरते.

धाकट्या बंधूंना यात आपल्याच मताला आधार दिसला. “म्हणजे ठाऊक असेल तरच सांगायचे. मग ठाऊक करून घ्यावेच कशाला?”

या प्रश्नावर अण्णा दोन दिवस गप्प होते. मागल्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातील तिरपी भेग त्यांच्या डोळ्यांसमोरून हलेना. २००५ च्या महापुरानंतर ती प्रथम दिसली होती. २०१९ साली कृष्णेचे पाणी जिन्याच्या पाचव्या पायरीपर्यंत चढले, तेव्हा ती रुंदावली. दर दिवाळीला गवंडी बोलावून ती बुजवली जाई, वर रंगाचा हात फिरवला जाई, आणि पुढल्या पावसाळ्याआधीच पोपडे सुटत. ठाऊक नाही असे म्हणण्याची सोय त्या घरात कधीच उरली नव्हती. दोष किती खोल आहे, एवढेच काय ते अज्ञात होते.

शेवटी आक्कांनी फोनवरून विचारले, “अण्णा, हळकुंड मोडून आतला रंग दाखवल्याशिवाय तू कधी माल विकलास का? त्या भिंतीवर ते बिचारे मजला चढवणार आहेत.”

तपासणी झाली. हातोडीसारख्या उपकरणाचा आघात करून, त्याच्या उसळीवरून स्लॅबच्या काँक्रीटचा कणखरपणा अजमावण्यात आला. ध्वनिलहरींच्या वेगावरून आतील पोकळी व चिरा शोधल्या गेल्या. न्हाणीघरावरील स्लॅबच्या सळ्या गंजल्या होत्या; उर्वरित स्लॅब ठीक निघाला. तिरप्या भेगेवर इंजिनिअरने सिमेंटने काचेच्या पट्ट्या बसवल्या. भेग हलती असेल तर काच तडकते, अशी ही जुनी आणि सोपी युक्ती. सहा आठवड्यांत दोन पट्ट्या तडकल्या. काळी माती पाण्याने फुगते, सुकताना आकसते, आणि तिच्यावरचा पाया तिच्यासोबत वरखाली होतो. मागला कोपरा अद्याप खचत होता. पाया बळकट केल्यावाचून वर मजला चढवू नये, असे अहवालात स्पष्ट लिहिले होते.

कागदपत्रांच्या छाननीत आणखी एक गोष्ट निघाली. मागील अंगणातील कोठीची खोली महापालिकेच्या मंजूर नकाशात नव्हतीच.

अण्णांनी अहवालाची प्रत डॉक्टरांच्या हाती ठेवली. त्यांनी वाढीव मजल्याचा बेत सोडला, पाया व सळ्यांच्या दुरुस्तीचा अंदाज मागवला आणि किंमत त्याहूनही थोडी अधिक उतरवून मागितली. महिनाभर बोलणी चालली. सौदा झाला तो कमी भावातच. धाकट्या बंधूंनी सही केली, पण त्या दिवशी ते जेवायला थांबले नाहीत. अण्णांनी आपल्या हिश्श्यातून काही रक्कम पुतणीच्या कर्जासाठी दिली. ती स्वीकारायला बंधूंना दिवाळी उजाडावी लागली.

प्रत्येक विक्रीत अशी तपासणी हवीच असे नाही. घेणारा घर पाडून नवी इमारत उभारणार असेल, तर भिंतींच्या परीक्षेवरील खर्च वाया जाईल. तेथे मिळकत पत्रिका, जागेची मोजणी आणि हक्काची कागदपत्रे चोख असली म्हणजे पुरे. पण घर राहण्यासाठी किंवा वाढवण्यासाठी विकले जात असेल, ते जुने असेल, त्याने पूर पाहिला असेल, आणि एखादी भेग वर्षानुवर्षे बुजवली जात असेल, तर तपासणी इसारापूर्वीच करावी. इसारानंतर निघालेला दोष भांडणाचे कारण होतो. आधी निघाला तर तो निव्वळ भावाचा विषय राहतो.

खरेदीखतासोबत तो अहवाल आणि दोष खरेदीदाराला कळवल्याची नोंद जोडण्यात आली. अण्णांनी किल्ल्या दिल्या तेव्हा मागल्या भिंतीवरच्या तडकलेल्या काचपट्ट्या तशाच होत्या. त्या वर्षी त्या भेगेवर कोणी रंग दिला नव्हता.