विस्मरण, वय आणि रक्त

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आपण इतक्या सहजतेने वापरतो की ते एक निदान आहे, हे आपल्या ध्यानातही येत नाही. म्हणीचे सामर्थ्य तिच्या आटोपशीरपणात असते आणि धोकाही तिथेच असतो. पुरुष विसरू लागला तर तो बहुधा 'विसरभोळा' ठरतो आणि त्याच्याभोवती कौतुकाचे किस्से जमतात. बाई विसरू लागली की तिच्या वाट्याला 'म्हातारचळ' हा शब्द येतो आणि चौकशी तिथेच संपते. भाषेच्या अभ्यासकाने या संपण्याकडे लक्ष द्यायला हवे, असे मला गेली काही वर्षे वाटत आले आहे.

मी पिंपळे सौदागरला राहते. पवनेकाठचे हे गाव पाहता पाहता उंच इमारतींचे उपनगर झाले, आणि हिंजवडीत नोकरी करणाऱ्या मुलांपाठोपाठ त्यांच्या आयाही इथे येऊन राहिल्या. माझी मावशी त्यांपैकीच एक. तिचे सासर मावळातले, याच पवनेच्या वरच्या अंगाचे. तिला जात्यावरच्या ओव्या शेकड्यांनी पाठ होत्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या प्रकल्पाने महाराष्ट्रभरातून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्या अशाच बायकांच्या स्मरणातून. या परंपरेला दुसरी पोथी नव्हती.

अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी मावशीची पोथी फाटू लागली. ओवीची पहिली ओळ यायची, दुसरी यायची नाही. तळपायांना मुंग्या येत, चालताना ती भिंतीचा आधार शोधी. 'वय झालं आता,' असे घरात सर्वांनी म्हटले, तिनेही म्हटले. एका तरुण डॉक्टरीणबाईंनी मात्र तिच्या आठवणींबरोबर तिच्या पायांची आणि गोळ्यांची चौकशी केली. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि पित्तासाठीची गोळी ती अनेक वर्षे घेत होती. या दोन्हींमुळे, आणि वाढत्या वयात जठरातील आम्ल घटल्यानेही, ब-१२ जीवनसत्त्व शरीरात कमी शोषले जाते. त्यांनी थायरॉइड आणि सोडियमही तपासायला सांगितले, कारण ही दोन्ही बिघडली तरी बुद्धी गोंधळते. अहवालात ब-१२ फार खाली होते आणि होमोसिस्टीन चढलेले होते.

होमोसिस्टीन हे शरीरातच तयार होणारे एक अमिनो आम्ल. त्याचे पुन्हा उपयुक्त द्रव्यात रूपांतर करायला ब-१२ आणि फोलेट लागतात. ते कमी पडले की होमोसिस्टीन रक्तात साचते. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅमच्या २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १,०९२ वृद्ध होते आणि त्यांपैकी ६६७ स्त्रिया होत्या. ज्यांचे होमोसिस्टीन १४ मायक्रोमोलच्या वर होते, त्यांना अल्झायमर होण्याचा धोका जवळजवळ दुप्पट आढळला. पुण्यात केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने २००६ साली ४४१ मध्यमवयीन व्यक्तींचे रक्त तपासल्याचे निष्कर्ष मांडले. ६७ टक्क्यांमध्ये ब-१२ कमी होते आणि शहरी मध्यमवर्गात हे प्रमाण ८१ टक्के होते. ते ४४१ जण पुरुष होते. याच गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत स्त्रियांचा अभ्यास केला, पण तो होणाऱ्या मातांचा. त्याही आधी, १९२८ पासून, लुसी विल्स यांनी मुंबईतल्या गिरणी कामगार वस्तीतील बायकांच्या पंडुरोगाचा शोध घेतला आणि त्यातून पुढे फोलेटचा पत्ता लागला. त्या बायकाही गरोदर होत्या. विज्ञानाने आपल्याकडच्या बाईच्या रक्ताकडे पाहिले ते बहुधा ती आई होत असताना. माझ्या मावशीच्या वयाची बाई या तिन्ही ठिकाणी नाही.

अहवालातला आकडा हीदेखील एक संहिता आहे आणि तिला संदर्भ असतो. ब-१२ वनस्पती तयार करीत नाहीत, सूक्ष्मजंतू करतात. आपल्याला ते दूध, अंडी, मांस, मासळी यांतून मिळते. मावशीचे सासर माळकरी, म्हणून मांस-मासळीचा प्रश्नच नव्हता. दूध होते, पण ते डेअरीला जाई, उरलेले मुलांना, दही पुरुषांच्या ताटात, आणि सर्वांत शेवटी जेवणाऱ्या बाईच्या वाट्याला ताकाचे पाणी. यकृत ब-१२चा साठा काही वर्षे पुरवून वापरते, त्यामुळे उणीव सावकाश आणि उशिरा बोलू लागते. तोवर तिला वय म्हणणे सोयीचे झालेले असते.

अर्थात, याचा अर्थ जीवनसत्त्वाची सुई म्हणजे चिरतारुण्याचे औषध असा नव्हे. सुमारे २२,००० व्यक्तींवरील चाचण्यांचे २०१४ साली एकत्रित विश्लेषण झाले. ब-जीवनसत्त्वे देऊन होमोसिस्टीन उतरले, परंतु बुद्धीची वयोमानानुसार होणारी झीज त्यामुळे मंदावली नाही. वय आहेच. मात्र खरी उणीव असलेल्या बाईला ती भरून देणे ही वेगळी गोष्ट आहे, आणि ती वेळेवर केली तर पुष्कळ काही परत मिळू शकते. मावशीला इंजेक्शने सुरू झाली. काही महिन्यांत मुंग्या कमी झाल्या, भिंतीचा आधार सुटला. काही ओव्यांच्या दुसऱ्या ओळी परतल्या, काहींच्या परतल्या नाहीत. कोणत्या वयाने नेल्या आणि कोणत्या त्या ताकाच्या पाण्याने, हे आता कुणालाही वेगळे काढून सांगता येणार नाही.

आपण वर्गात ओवीचा छंद शिकवतो, तिची बोली, तिच्यातले माहेर, तिच्यातला विठ्ठल यांवर प्रबंध लिहितो. ती जिने जपली तिच्या ताटात काय होते, हे आपण विचारीत नाही, कारण तो आहारशास्त्राचा विषय मानला जातो. माझ्या मते तो साहित्याचाही आहे. मौखिक परंपरेचे संग्रहालय एका देहात असते, आणि त्या देहाची आबाळ झाली तर संहितेचीही होते. म्हणून पुढच्या वेळी एखादी आजी दुसऱ्या ओळीपाशी अडखळली, तर म्हण आठवण्यापूर्वी तिच्या पायांना मुंग्या येतात का, तेवढे विचारावे.